समोरच्या दारापर्यंतची पावले

मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकाला इनवुड नावाचा भाग आहे. न्यू यॉर्क पाहून आलेला मराठी माणूस तिथवर सहसा पोचत नाही. टाइम्स स्क्वेअर, फार तर हार्लेम, की परत. एक नंबरची गाडी डाइकमन स्ट्रीट स्थानक सोडून लोखंडी खांबांवरून खडखडत पुढे निघाली की विटांच्या सात उंच इमारती दिसतात. प्रत्येक चौदा मजली, सगळी मिळून १,१६७ घरे. ही डाइकमन हाउसेस, १९५१ साली पुरी झालेली सरकारी वसाहत. मुद्दाम उतरून पाहावे असे तिथे काही नाही.

तरीही शेजाऱ्यांच्या मैत्रीविषयी बोलायचे तर मला याच वसाहतीपासून सुरुवात करावीशी वाटते. वेगळ्या वंशाचा आणि वेगळ्या वयाचा शेजारी मित्र कधी होतो, हा प्रश्न इथे प्रवचनाच्या सुरात विचारला गेला नाही. तो मोजमाप घेऊन विचारला गेला, आणि जे उत्तर मिळाले ते चांगुलपणावर भिस्त ठेवणाऱ्यांना जरा खटकेल असे आहे.

आधी हे लोक एकत्र आले कसे ते पाहू.

न्यू यॉर्क शहराचे गृहनिर्माण प्राधिकरण १९३४ साली स्थापन झाले. त्याच्या वसाहतींत घर मिळवायचे तर अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला द्यायचा, चौकशीला सामोरे जायचे आणि यादीत आपला नंबर लागण्याची वाट पाहायची. त्या काळची चौकशी कडक असे. नवरा कामाला जातो का, पोरांचे वळण कसे आहे, सगळे पाहिले जाई. राहायला गेल्यावरही हिरवळीवर पाय दिला तर दंड. पण या जाचक कारभारातून एक गोष्ट आपसूक घडली. शेजारी कोण असावा हे भाडेकरूच्या हातात राहिले नाही. दिलेली किल्ली घ्यायची, दार उघडायचे, समोरच्या दारावर कोणाचे नाव आहे ते नंतर वाचायचे. ही यादी अगदीच आंधळी होती असेही नाही. गोरी कुटुंबे निघून जाऊ नयेत म्हणून पन्नासच्या दशकाअखेरीस प्राधिकरण काही वसाहतींत कोणत्या वंशाची किती कुटुंबे याचा हिशेब जुळवत होते. तरी खाजगी घरमालकाच्या मानाने ती पुष्कळच बरी.

खाजगीत काय चालत होते? त्याच बेटाच्या दक्षिणेकडे १९४७ साली मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीची स्टायव्हेसंट टाउन ही भली मोठी वसाहत उघडली. शहराने कंपनीला करात सवलत दिली होती, जमीन मोकळी करून दिली होती. आणि कंपनीने जाहीरपणे धोरण ठेवले की काळ्या कुटुंबांना घर मिळणार नाही. तिथे राहणाऱ्या काही गोऱ्या भाडेकरूंनीच याविरुद्ध चळवळ उभी केली. त्यांतले गणिताचे प्राध्यापक ली लॉर्च यांनी आपल्या घरात एका काळ्या कुटुंबाला पाहुणे म्हणून राहायला दिले. त्या काळात त्यांच्या लागोपाठ दोन नोकऱ्या गेल्या. शेजारी मिळवण्यासाठी इतकी किंमत मोजणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. त्यांना मान द्यावा, पण त्यांच्या भरवशावर शहर उभे करता येत नाही.

डाइकमनमध्ये कोणाला कसली किंमत मोजावी लागली नाही. इनवुड तेव्हा मुख्यतः आयरिश आणि ज्यू लोकांचा भाग. वसाहतीत त्यांच्या जोडीला काळी कुटुंबे आली, पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे आली. नवे घर, गरम पाणी, लिफ्ट, सगळ्यांनाच अप्रूप. आणि सगळेच भाडेकरू, कोणी कोणाचा मालक नव्हता. हा शेवटचा मुद्दा लक्षात असू द्यावा, पुढे लागेल.

वीस-बावीस वर्षांनी चित्र बदलले. पहिल्या दिवसांत आलेली जोडपी म्हातारी झाली, पोरे पांगली, काहींचे जोडीदार गेले. रिकाम्या होणाऱ्या घरांत तरुण कुटुंबे येऊ लागली. एकाच मजल्यावर सत्तरीची गोरी बाई आणि तिशीची काळी आई, अशी दारे लागून आली. वंशाची रेघ आणि वयाची रेघ एकाच वेळी ओलांडायची वेळ आली ती अशी, कोणी ठरवून आणली नाही.

याच सुमारास ल्युसील नेहेमाउ आणि पॉवेल लॉटन हे दोन अभ्यासक तिथे पोचले. लॉटन हे वृद्धांच्या मानसशास्त्रातले मोठे नाव. दोघांनी वसाहतीतल्या २७० रहिवाशांना त्यांच्या मित्रांविषयी विचारले आणि कोण कुठे राहते ते मांडून पाहिले. १९७५ साली निष्कर्ष छापून आले. ज्याचे नाव लोकांनी सर्वांत आधी घेतले असा मित्र ८८ टक्के वेळा त्याच इमारतीत राहत होता, आणि जवळजवळ निम्म्या वेळा त्याच मजल्यावर.

आकडा वाचून पुढे जाऊ नये, तो थोडा घोळवावा. इमारती सात. मित्र जर निव्वळ योगायोगाने होत असते तर आपल्या इमारतीतला निघण्याची शक्यता सातात एक, म्हणजे चौदा टक्क्यांच्या आसपास. मजल्याचे तर बोलायलाच नको. १,१६७ घरे सात इमारतींच्या चौदा मजल्यांवर वाटली तर एका मजल्यावर सरासरी बारा येतात. स्वतःचे सोडून उरली अकरा. साडेअकराशे घरांतली ही अकरा, म्हणजे शंभरात एक. त्या एका टक्क्यातून जवळजवळ निम्मे जिवलग निघाले.

इथपर्यंत कोणाला आश्चर्य वाटणार नाही. चाळीत वाढलेला माणूस म्हणेल, यासाठी अमेरिकेत अभ्यास कशाला करायला हवा होता? पण खरा निष्कर्ष पुढेच आहे. आपल्यासारखी, म्हणजे आपल्याच वयाची आणि आपल्याच वंशाची मैत्रीण असेल तर लोक दुसऱ्या मजल्यावर जात होते, दुसऱ्या इमारतीतही जात होते. वय वेगळे किंवा वंश वेगळा असलेली मैत्री मात्र जवळजवळ केवळ अगदी लगतच्या घरांतच सापडली. अंतर जरा वाढले की ती दिसेनाशी होई.

म्हणजे आपल्या माणसासाठी आपण चालतो. परक्यासाठी चालत नाही. तो दारातच असावा लागतो.

मला हे वाक्य कडू वाटते आणि खरेही वाटते. आपण समजतो की पूर्वग्रह असलेला माणूस परक्याशी मैत्री करत नाही आणि मोकळ्या मनाचा करतो. डाइकमनच्या नकाशावर मनाचा मोकळेपणा कुठे दिसत नाही, दिसतात ती दोन दारांमधली पावले. तीच बाई आपल्या शेजारच्या काळ्या घराशी जीव लावून असेल आणि दोन मजले वरच्या तशाच घराचे नावही तिला ठाऊक नसेल.

असे का व्हावे, याचे एक उत्तर आधीच तयार होते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथे लगतच्या दारांतले ४१ टक्के शेजारी एकमेकांचे मित्र होते, मध्ये एक दार पडले तर २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणारे १० टक्के. जिन्याच्या पायथ्याशी, टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची ओळख वरच्या मजल्यावरच्यांशीही जास्त होती. कारण सगळे तिथूनच जात. येताजाता दिसणे, मान हलवणे, पिशवी जड आहे का विचारणे, आणि हे शंभर वेळा. त्यातल्या एका वेळेला मैत्री म्हणता येत नाही, पण शंभर वेळांचे काहीतरी साठते.

आपल्यासारख्या माणसाशी ओळख करून घ्यायला शंभर वेळा लागत नाहीत. बोली तीच, सण तेच, तक्रारी त्याच. पहिल्या दोन वाक्यांत धागा सापडतो. वेगळ्या माणसाशी तो धागा सापडायला वेळ लागतो, मधल्या काळात अवघडलेपण असते, आणि ते अवघडलेपण टाळायची सोय असेल तर माणूस टाळतो. एकाच लिफ्टची वाट पाहत उभे असताना ती सोय नसते.

मात्र निव्वळ जवळीक पुरत नाही, कोणत्या नात्याने जवळ आलात हेही पाहावे लागते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या घरांत काळी मोलकरीण रोज स्वयंपाकघरात असे. तिच्याइतकी जवळ कोण होती? १९५१ सालीच मॉर्टन डॉइच आणि मेरी एव्हन्स कॉलिन्स यांनी चार सरकारी वसाहतींची तुलना केली होती. न्यू यॉर्कच्या दोन वसाहतींत वंश न पाहता घरे दिलेली होती. शेजारच्या न्यूअर्कमधल्या दोन वसाहतींत काळे आणि गोरे एकाच आवारात, पण वेगवेगळ्या इमारतींत. मिसळून राहिलेल्या गोऱ्या गृहिणींची काळ्या शेजारणींशी ओळख, येणेजाणे आणि त्यांच्याविषयीचे मत, सगळेच न्यूअर्कपेक्षा स्पष्टपणे चांगले निघाले. आवार एक असूनही इमारत वेगळी असल्याने इतका फरक पडला. आणि जिथे चांगले घडले तिथे दोघीही भाडेकरू होत्या, दोघींना त्याच कार्यालयात जाऊन नळाची तक्रार करायची होती. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा तो हा. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली हेच सूत्ररूपात मांडले: बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांमुळे सोपे होणारे काम, आणि वरच्या सत्तेची संमती. यातले ‘सोपे होणारे काम’ हे माझे शब्द. ऑलपोर्ट सहकार्य म्हणतात.

आता वयाकडे. वंशाविषयी पुष्कळ लिहिले जाते, वयाची रेघ त्या मानाने दुर्लक्षित राहते, म्हणून इथे जरा थांबतो.

लॉटन यांचा एक सिद्धान्त आहे, त्यांनी तो १९६८ साली एका सहकाऱ्याबरोबर मांडला. माणसाची शक्ती जितकी कमी होत जाते तितका त्याच्यावर परिसराचा अंमल वाढत जातो. तरुणाला दोन जिने म्हणजे काही नाही. गुडघे गेलेल्याला दोन जिने म्हणजे परदेश. बर्फ पडलेल्या दिवशी तरुण गाडी पकडून मित्राकडे जातो, म्हाताऱ्याचे जग त्या दिवशी मजल्याएवढे होते. नेहेमाउ-लॉटन यांच्या निष्कर्षाला हा सिद्धान्त जोडून वाचला की एक गोष्ट उघड होते. मजल्यावरच्या उरलेल्या अकरा घरांत कोण राहते याचे महत्त्व तिशीच्या आईपेक्षा सत्तरीच्या बाईला कितीतरी पट जास्त आहे. आईला पर्याय आहेत. बाईला समोरचे दार आहे.

देवाणघेवाणीची बाजूही इथे लागू पडते. समवयस्कांच्या गरजा सारख्याच असतात, त्यामुळे ते एकमेकांना सहानुभूती देऊ शकतात, वेळ किंवा ताकद देऊ शकत नाहीत. दोन म्हाताऱ्या मैत्रिणी एकमेकींची औषधे आणायला जाऊ शकत नाहीत, दोघींचेही पाय दुखतात. दोन तान्ह्या बाळांच्या आया एकमेकींचे बाळ सांभाळू शकत नाहीत, दोघींनाही झोप हवी असते. वयाचे अंतर असले की ही कोंडी सुटते. दुपारी शाळेतून आलेल्या पोराला दार उघडायला कोणी तरी घरी हवे असते, आणि घरी असणारी एक व्यक्ती तिथे आहेच. तिला दुकानातून दूध आणून हवे असते, आणि पोराचे पाय धडधाकट आहेत. हा माझा तर्क आहे, पण ज्याने शेजारच्या आजींकडे किल्ली ठेवून बालपण काढले त्याला तो पटवून द्यावा लागणार नाही.

एक अडचण मात्र तिकडची खास आहे, आणि ती संबोधनाची. मराठी पोराला शेजारच्या बाईला काय म्हणायचे हा प्रश्न पडत नाही. काकू, मावशी, आजी. नाते नसले तरी नात्याचा शब्द तयार असतो, आणि शब्द तयार असला की पहिले वाक्य सोपे जाते. इंग्रजीत एक तर आडनावाआधी मिसेस, नाही तर नुसते पहिले नाव. यातले कोणते वापरायचे याला अमेरिकेत रक्ताळलेला इतिहास आहे. दक्षिणेत गोरे लोक काळ्या माणसाला, तो वयाने आजोबा असला तरी, पहिल्या नावाने हाक मारत. मिस्टर, मिसेस ही उपपदे फक्त गोऱ्यांसाठी. १९६३ साली अलाबामाच्या एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकिलाने नुसते ‘मेरी’ म्हटले. मला मिस हॅमिल्टन म्हणा, तोवर उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ साली ती शिक्षा रद्द झाली. हे ठाऊक असेल तर समजते की गोऱ्या पोराने शेजारच्या काळ्या बाईला मिसेस म्हणणे ही नुसती रीतभात नव्हती. आज पुष्कळ गोरे शेजारी मोकळेपणाच्या भरात थेट पहिल्या नावाने बोलू लागतात, आणि ऐंशीच्या घरातली काळी बाई मनातून आखडते. त्याला वाटते आपण जवळ आलो. तिला जुना काळ आठवतो. आपल्याकडेही गावात वयोवृद्ध माणसाला केवळ जातीमुळे ‘अरे’ म्हणणारी पोरे होतीच. नात्याचे गोड शब्द आपल्याकडे आहेत खरे, पण ते कोणाच्या वाट्याला येत होते हे विसरू नये.

डाइकमनमध्ये वाढलेल्या एका मुलाने आपल्या बालपणाविषयी मोकळेपणाने सांगितले आहे, त्यामुळे चित्र एकांगी राहत नाही. बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार, तेव्हाचा ल्यू अल्सिंडर. जन्म १९४७ चा. वडील जुलियर्डसारख्या नामांकित संस्थेत संगीत शिकलेले, पण पोटासाठी भुयारी रेल्वेच्या पोलिसात. आईबाप आणि एकुलता एक मुलगा असे कुटुंब वसाहत नवी असताना तिथे राहायला आले. आजूबाजूला सगळ्या रंगांची, सगळ्या बोलींची घरे. लहानग्या ल्यूला आपण वेगळे आहोत हे बरीच वर्षे जाणवलेच नाही. तिसरीत वर्गाचा फोटो काढला गेला, तो पाहिल्यावर प्रथम लक्षात आले की आपण सगळ्यांपेक्षा उंच आहोत आणि सगळ्यांपेक्षा काळे. वसाहतीच्या यशाची याहून चांगली पावती मिळणार नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. जवळच्याच सेंट ज्यूड या कॅथलिक शाळेत तो जाई, वर्गात बहुतेक गोरी मुले. त्यांतला एक त्याचा जिवाभावाचा मित्र. सातवीत असताना दोघांचे भांडण झाले आणि त्या मित्राने वंशावरून शिव्या दिल्या. मैत्री तिथेच तुटली. पुढच्या काही वर्षांत त्याच्या मनात गोऱ्यांविषयी जो राग धुमसत राहिला त्यात या प्रसंगाचा वाटा मोठा आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात हार्लेममध्ये दंगल पेटली तेव्हा तो भुयारी स्थानकातून वर आला तो थेट गोळीबारातच.

यातून काय घ्यायचे? जवळीक फसवी होती असे मी म्हणणार नाही. लहान मुलांना जोडणारी गोष्ट म्हणजे आवार आणि खेळ. बारा-तेराव्या वर्षी मुले आवाराबाहेर जातात, मग त्यांना शहर घडवू लागते. मुली, पार्ट्या, कोणाच्या घरी कोणाला बोलवायचे याचे हिशेब सुरू होतात. मजल्यावर जे समान होते ते शहरात समान नव्हते. वसाहतीने शहराचे काम करावे अशी अपेक्षाच चुकीची. दोन म्हाताऱ्यांची मैत्री मात्र या वळणावर येत नाही. त्यांना आवाराबाहेर कुठे जायचे नसते. म्हणून मला वाटते की वंशापलीकडच्या शेजारमैत्रीची खरी वेळ बालपण आणि म्हातारपण ही दोन टोके. मधली माणसे कामाला गेलेली असतात.

जवळीक वैरही घडवते, हे सांगितल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीचा अभ्यास छापून आला. लोकांना आवडणारे शेजारी जवळ राहत होते, पण न आवडणारे त्याहूनही जवळ. गाणी मोठ्याने लावणारा, कचरा सांडणारा, कुत्रा मोकळा सोडणारा. दूरचा माणूस हे आपल्याला करूच शकत नाही. आणि त्रास देणारा शेजारी वेगळ्या वंशाचा असला की त्रासाचे कारण वंशात शोधले जाते. आपल्यातल्याच माणसाने तेच केले तर म्हणतो, तो तसाच आहे. परक्याने केले तर म्हणतो, ते लोक तसेच.

मुंबईच्या वाचकाला वरळी आठवेल. बीडीडी चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या, समाईक व्हरांडे. जवळीक याहून जास्त काय असणार! तरी १९७४ च्या जानेवारीत तिथे दलित पँथर आणि शिवसेनेच्या बाजूची माणसे यांच्यात दंगल पेटली. काही चाळी बौद्धांच्या, काही सवर्णांच्या, अशी वस्ती वाटली गेलेली होती. न्यूअर्कची रचना तीच होती: आवार एक, इमारती वेगळ्या. व्हरांड्यातली मैत्री व्हरांड्यापुरती राहिली, आणि दगड समोरच्या इमारतीवर पडले. व्हरांडाच मिसळलेला असता तर दंगल झाली नसती असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण चाळीतल्या शेजाराचे गोडवे गाताना त्या व्हरांड्यावर कोणकोण होते हे विचारायला हवे.

उंच इमारतींवर त्या काळात टीकेचा भडिमार होत होता. वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ साली न्यू यॉर्कच्याच वसाहतींचे दाखले देऊन दाखवले की एकच प्रवेशद्वार आणि लिफ्ट शेकडो माणसे वापरत असतील तर तिथे कोणीच कोणाला ओळखत नाही आणि गुन्हे वाढतात. त्यांचे म्हणणे खोडायचे कारण नाही. पण डाइकमनही चौदा मजलीच होते, आणि तिथे मैत्री मजल्याच्या पातळीवर जमली. माझे मत असे की एका व्हरांड्यावर बारा दारे म्हणजे चेहरे लक्षात राहतात, नावे लक्षात राहतात, कोणाची कूस दुखते तेही लक्षात राहते. इमारत किती उंच यापेक्षा व्हरांड्यावर दारे किती, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. आज पुण्या-ठाण्यात एका मजल्यावर चार घरे आणि चारही दारे कायम बंद, मधल्या जागेत चपलांच्या कपाटावरून भांडणे, हेही आपण पाहतोच. बारा दारांचा मजला बांधायला आता कोणी तयार नाही. तो गरिबाचा मजला समजला जातो.

डाइकमनचे पुढे काय झाले ते थोडक्यात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इनवुडमधले आयरिश आणि ज्यू उपनगरांत निघून गेले, डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेली कुटुंबे वसली, रस्त्यावरची भाषा स्पॅनिश झाली. शहरातल्या सरकारी वसाहतींमधला गोऱ्यांचा वाटा घसरत गेला. ज्या मिश्रणावर १९७५ चा अभ्यास उभा होता ते मिश्रण ओसरले. मैत्री जमली नाही म्हणून ही कुटुंबे गेली असे नाही. बाहेर घरासाठी कर्ज मिळत होते, आणि ते कोणाला मिळायचे हे रंगावरून ठरत होते. वसाहतीसमोरच्या मैदानात १९९० पासून दर उन्हाळ्यात बास्केटबॉलची स्पर्धा भरते आणि सारा परिसर जमतो.

इमारती त्याच आहेत, फक्त म्हाताऱ्या झाल्या आहेत. शहराच्या सरकारी वसाहतींची दुरुस्ती इतकी तुंबली की २०१९ साली केंद्र सरकारबरोबर करार होऊन प्राधिकरणावर देखरेख करणारा नेमला गेला. शिसे, बुरशी, गरम पाणी, आणि लिफ्ट. बंद लिफ्ट ही तिथली रोजची तक्रार. अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या बाईच्या बाजूने याकडे पाहावे. लिफ्ट बंद पडते त्या दिवशी तिची बहीण, तिचे चर्च, पलीकडच्या इमारतीतली तिची समवयस्क मैत्रीण, सगळी एकदमच दूर जातात. उरतात ती व्हरांड्यावरची अकरा दारे. त्या दारांमागे कोण असावे हे तिने कधी ठरवले नव्हते. ते एका कार्यालयातल्या यादीने ठरवले होते. दुधाची पिशवी घेऊन अकरा मजले चढून येणारे जे कोणी असेल, ते त्यांतल्याच एका दारातले असणार.